खोलीच्या मापाची हवा

केसरबाईच्या पोरानं घरात हवेचं मशीन आणलं, हे गावात कळलं तेव्हा लोकांनी विचारलं, हवा किलोवर मिळते का लिटरवर? हसू द्या. प्रशीलनं ते हवा गाळायचं मशीन आईच्या जिवासाठी आणलं होतं, आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. निदान सुरुवातीला तरी नव्हतं.

केसरबाईचं गाव नरडाण्यापासून आत. दोन खोल्यांचं घर, पुढे अंगण, आणि आजूबाजूला सगळी आपलीच बौद्ध मंडळी. नवऱ्याचं नाव आधार. तो वारल्यावर ती नव्या माणसाला सांगायची, "आधार गया मना," तेव्हा त्या माणसाला कळायचं नाही की बाई नवऱ्याचं नाव घेतेय की दुःख सांगतेय. दोन्ही खरंच होतं. पण एकटीनं राहण्याची तिला सवय झाली होती, आणि गल्ली होती म्हणून ती एकटी नव्हतीच. शेजारची बेबाबाई सकाळी चहाला हाक मारायची आणि दिवस सुरू व्हायचा.

मग दिवाळीच्या आगेमागे तिला असा दम लागला की ओठ निळे पडले. बेबाबाईच्या नवऱ्यानं, निंबानं, मिळेल त्या गाडीत घालून तिला धुळ्याला आणलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि विचारलं, "मावशी, बिडी ओढता?" केसरबाईला राग आला. जन्मात बिडी ओढली नव्हती. पण जन्मभर चूल फुंकली होती आणि हंगामात जिनिंगमध्ये कापसाच्या उडत्या तुसात उभी राहिली होती. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसाला दोन्ही सारखंच. आता धूर नको आणि धूळ नको.

धूळ नको आणि राहायचं धुळ्यात! ज्या शहरानं नावातच कबुली दिलीय, तिथं माणसानं जायचं कुठं? पण प्रशीलचा फ्लॅट धुळ्यातल्याच देवपुरात होता, नोकरी तिथल्याच सरकारी कचेरीत होती, बायको समीक्षा तिथल्या शाळेत शिकवत होती. म्हणून आई तिथंच राहणार हे ठरलं. केसरबाईला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, म्हणूनच विचारलं नसावं.

प्रशील मनानं चांगला आणि स्वभावानं चिकट. एक वस्तू घ्यायची तर दहा दुकानदारांचं डोकं खाणारा. दुकानात त्याला सगळ्यांत भारी मशीन दाखवलं तर तो म्हणाला, "हे दिल्लीच्या धुरासाठी बनवलंय. आमच्याकडे हायवेची धूळ आहे, ट्रकचा धूर आहे, हिवाळ्यात पहाटे कचरा जाळतात त्याचा धूर आहे, आणि कापसाचे दिवस आले की तूस आहे. आमच्या हवेला काय चालेल ते सांगा." दुकानदारानं डोकं खाजवलं. शेवटी प्रशीलनंच मोबाइलवर वाचून वाचून ठरवलं. बाहेरच्या बाजूला धुता येईल अशी जाळी, म्हणजे जाड धूळ आणि तूस तिथंच अडेल, नाहीतर आतली महागाची जाळी महिन्यात बुजायची. आत घड्याघड्यांचा कागद, धुराच्या बारीक कणांसाठी. आणि शेवटी वासासाठी कोळशाचा थर.

"कोयसा?" केसरबाईनं डोळे मोठे केले. "चूल नको म्हणस, नि कोयसा घरमा आणस?"

"तो जाळायचा नाही, माय. तो वास शोषून घेतो."

"मंग माले बी शोषी टाक म्हना त्याले. तुमनी कटकट मिटी."

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. असं मशीन खोलीच्या मापानं घ्यावं लागतं. केवढी खोली, तेवढं मशीन. प्रशीलच्या घरात हॉल आणि स्वयंपाकघर एकच, मधे भिंत नाही. तिथं फोडणी पडली की लहान मशीन हात टेकणार. म्हणून त्यानं नीट हिशोब करून मागच्या छोट्या खोलीच्या मापाचं मशीन घेतलं आणि ते त्या खोलीत ठेवलं. आणि मशीन त्या खोलीचं म्हटल्यावर केसरबाईही त्या खोलीची झाली. पोरानं हवेचा सगळा विचार केला होता. आईचा तेवढा राहून गेला.

खोलीचं दार बंद. खिडकी बंद, तिच्या फटीला चिकटपट्टी. मशीन कोपऱ्यात उभं राहून घूं घूं करायचं आणि त्याच्या कपाळावर एक दिवा. निळा असला की हवा चांगली, केशरी झाला की बिघडली, लाल झाला की वाईट. दिवसा दोघं कामावर गेली की केसरबाई त्या दिव्याकडे बघत बसायची. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसायची. तिच्यावर कावळा बसला तर दिवस बरा गेला म्हणायचं.

खरं सांगायचं तर खोकला कमी झाला. केसरबाईला हे कबूल करणं जड जायचं, पण झाला. रात्री झोप लागू लागली. तरी जीव घुसमटायचा. छाती मोकळी आणि जीव कोंडलेला, असं काहीतरी विचित्र होऊन बसलं होतं, आणि हे दुखणं डॉक्टरला सांगायचं कसं ते तिला कळत नव्हतं.

एक दिवस तिनं नखानं चिकटपट्टी सोडवली आणि खिडकी वीतभर उघडली. बाहेरचा गारवा तोंडावर आला. खाली भाजीवाला ओरडत होता, कोणीतरी गाडीला किक मारत होतं. तिला इतकं बरं वाटलं की ती गजाला गाल लावून उभी राहिली. पाच मिनिटं झाली नसतील, मोबाइल वाजला. प्रशील.

"माय, खिडकी उघडलीस का?"

केसरबाईनं आधी दाराकडे पाहिलं, मग छताकडे. "तुले कोन सांगं रे?"

"मशीननं. दिवा लाल झाला की माझ्या मोबाइलवर येतं."

तिनं मशीनकडे वळून पाहिलं. दिवा खरंच लाल होता. "हाई मशीन शे का सासू शे?" ती म्हणाली, आणि खिडकी लावून घेतली. पुढे ते रोजचंच झालं. सकाळच्या वंदनेला तिनं अगरबत्ती लावली, चुगली झाली. प्रशील म्हणाला, वंदना कर, अगरबत्ती राहू दे. समीक्षाच्या मैत्रिणी आल्या तेव्हा ती हॉलमध्ये जाऊन बसली, तर समीक्षाच प्रेमानं म्हणाली, "आई, फोडणी टाकतेय, तुम्ही आत जा बरं." सून वाईट असती तर भांडता आलं असतं. ती चांगली होती. तिच्याशी भांडायला कारण सापडायचं नाही आणि तिच्यापुढे रडायलाही लाज वाटायची.

शेवटी पौषात एका संध्याकाळी केसरबाई खोटं बोलली. "गावले माले खोकला येतच नही," ती म्हणाली. "तठली हवा मनी शे. माले पोचाडी दे."

"माय, तिथंच तर तुला दम लागला होता."

"ते दिवाईना फटाकडासनं व्हतं. तुन्या मशीनले इचार. ने तिले गावले. ती म्हणी तसं."

प्रशील बायकोकडे बघू लागला. समीक्षा म्हणाली, "न्या ना. त्यांचं समाधान होईल." आणि प्रशील मोजून-मापून चालणारा माणूस, त्याला ही गोष्ट न्याय्य वाटली. त्यानं अट घातली. रविवारी गावी जायचं, मशीन तिच्या घरात लावायचं. दुपारचं जेवण होईपर्यंत दिवा निळा राहिला तर तिनं तिथं राहायचं. लाल झाला तर पुन्हा गावाचं नाव काढायचं नाही. केसरबाईनं हातावर हात मारला.

आणि ती काही दुधखुळी नव्हती. दिव्याबरोबर तिनं अर्धा हिवाळा काढला होता, त्याच्या सगळ्या खोडी तिला ठाऊक होत्या. तिनं निंबाला फोन केला. घर आदल्या दिवशीच झाडून ठेव, आम्ही आल्यावर केरसुणीला हात लावू नको. अंगणात पाणी मार. आणि समीक्षाला तिनं डबा करायला सांगितला, पोळ्या, भाजी, सगळं. गावात चूल पेटवायचीच नाही. एवढा कावा तर भल्याभल्या पुढाऱ्यांना सुचत नाही.

रविवारी गाडीच्या मागच्या सीटवर मशीन आणि त्याच्याशेजारी केसरबाई, असे ते निघाले. समीक्षाला शाळेचे पेपर तपासायचे होते म्हणून ती घरीच राहिली. गावात गाडी थांबली तशी गल्ली गोळा झाली. "उनी वं केसरअक्का, उनी!" बेबाबाईनं तिला मिठी मारली आणि दोघी रडल्या. प्रशीलनं मशीन ओसरीत ठेवलं, वायर लावली. केसरबाईनं पुढचं दार सताड उघडं ठेवलं, मागचंही उघडं. कोंडून मोजलेली हवा तिला नको होती. दिवा आधी केशरी झाला, थरथरला, आणि मग निळा झाला.

निळा! धुळ्यात दार-खिडक्या लावून मिळत होता तसाच निळा, आणि इथं दोन्ही दारं उघडी. केसरबाईला वाटलं उठून नाचावं. ती ओसरीच्या कडेला पाय सोडून बसली. ऊन पायावर आलं होतं. बायका येत होत्या, कोणाचं लग्न ठरलं, कोणाची म्हैस व्याली, सगळं सांगत होत्या. प्रशील दर थोड्या वेळानं दिवा बघायचा. एकदा तो हळूच म्हणाला, "तुझी औषधं मी महिन्याचं महिन्याला आणून देईन." म्हणजे तोही हरत आल्यासारखं समजत होता. केसरबाईनं पोराच्या पाठीवरून हात फिरवला.

ऊन चढलं. केसरबाई म्हणाली, "चाल, डबा सोड. जेवी लेऊ."

"डबा?" बेबाबाईचा आवाज दारातून आला. "काय डबा? गावमा यी सन डबा खाशी? आम्ही मरी गऊत का?"

तिच्या डोक्यावर पऱ्हाट्यांचा भारा होता. कापसाची वाळलेली झाडं. मागे निंबा, त्याच्या टोपलीत हिरवीगार, डोक्याएवढाली वांगी. खानदेशी माणसाला पुढचं सांगायला नको. पाहुणा आला, हिवाळा आहे, वांगी आली आहेत, तर भरीत होणार. आणि भरताची वांगी गॅसवर कोणी भाजत नाही. ती पऱ्हाट्यांवर भाजायची, उघड्यावर, धूर डोळ्यांत जाईस्तोवर. गॅसवरच्या भरताला इकडे आजाऱ्याची भाजी म्हणतात.

बेबाबाईनं केसरबाईच्याच अंगणात भारा टाकला. "तुनाच आंगनमा करसू. कई दिनपासून आठे जाळ नही पेटना. घर कसं मसनवटासारखं दिसस."

केसरबाईच्या तोंडचं पाणी पळालं. एक शब्द बोलली असती तर काम झालं असतं. बेबा, आज नको, माझी पैज आहे, एवढंच. गल्लीला मशीनचं ठाऊक होतं, पैजेचं कोणाला ठाऊक नव्हतं. तिनं तोंड उघडलंही. पण बेबाबाई वांग्यांना तेलाचा हात लावत होती, पोटच्या पोरीला न्हाऊ घालावं तसा. हिला कसं म्हणायचं, तुझा जाळ नको? फोडणी टाकतेय, आत जा, असं समीक्षा म्हणाली होती तेव्हा आपल्याला कसं झालं होतं, ते केसरबाईच्या पोटात अजून ताजं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ती गप्प बसली.

पऱ्हाट्या पेटल्या. आधी पांढरा, मग पिवळट धूर उठला, अंगणात फिरला आणि उघड्या दारानं सरळ ओसरीत आला. मशीननं आवाज वाढवला. दिवा केशरी झाला, आणि बघता बघता लाल. प्रशीलनं आईकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता, हे मात्र खरं.

पण केसरबाईचं लक्ष दिव्याकडे नव्हतंच. तिच्या छातीत तो ओळखीचा काटा फिरू लागला होता. खोकला आला. तिनं पदर तोंडात धरला. दिवा लाल झाला तर झाला, पण पोरासमोर खोकायचं नाही, एवढं तिनं ठरवलं. खोकला गिळला, तो पुन्हा आला, पुन्हा गिळला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. बायकांना वाटलं अक्का आनंदानं रडतेय. मग तिला श्वासच घेता येईना. ती ओसरीवरून खाली वाकली आणि जो खोकला सुटला तो थांबेना.

"माय!" प्रशील धावला. त्यानं खिशातला दमाच्या औषधाचा पंप तिच्या तोंडाला लावला, पाठ धरली. बेबाबाईला आता कळलं. तिनं घागर उचलली आणि अर्ध्या भाजलेल्या वांग्यांसकट जाळावर ओतली. निंबा गल्लीत ओरडत गेला, "चुली इझाडा रे! अक्काले दम लागना! बठ्ठी गल्लीमा धूर नको!" घरोघर पाण्याचा चर्र आवाज झाला. रविवारच्या उशिराच्या आंघोळीचं पाणी तापवायचे बंब विझले, चुली विझल्या, कोणाच्या भाकरी तव्यावर अर्ध्या राहिल्या.

हळूहळू श्वास जागेवर आला. केसरबाई भिंतीला टेकून बसली. गल्ली समोर उभी होती. वारा मोकळा होता, धूर निघून गेला. आणि मशीनचा दिवा लालाचा केशरी, केशरीचा निळा झाला.

प्रशीलनं तो दिवा पाहिला. मग तो आईजवळ उकिडवा बसला. "माय, खरं सांगू का? इथली हवा धुळ्यापेक्षा चांगली आहे. धूर नसला तर तू इथं राहू शकतेस. मशीन इथं ठेवतो. जेवण अजून झालेलं नाही, आणि दिवा पुन्हा निळा आहे; मधला लाल मी धरत नाही. पैज तुझी."

"ऱ्हाय, अक्का," निंबा लगेच म्हणाला. "आम्ही बठ्ठा सांभाळी लेसूत. तुन्या घरकडे धूर येऊ देनार नही. आम्हनी बी चूल बंद. गॅस शे ना."

"हो, नही पेटाडनार," बेबाबाई म्हणाली. तिचे हात अजून तेलकट होते. "रोज तुना तो दिवा देखसू. निया शे तवलगून ठीक. लाल व्हयना की पयत येसू."

गल्लीतल्या सगळ्या माना डोलल्या. आणि मनापासून डोलल्या, त्यात खोटं काही नव्हतं. केसरबाईनं एकेकाकडे पाहिलं. ज्या दिव्यानं तिला कोंडलं होतं, त्याच्याकडे आता अख्खी गल्ली बघत होती. महिन्याला गॅसची टाकी कोणाला परवडते आणि कोणाला नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? थंडीत गार पाण्यानं आंघोळी होतील. हिवाळ्यात भरीत होणार नाही. शेकोटीला बसलेली म्हातारी माणसं उठवली जातील. पहिले काही दिवस प्रेमानं, मग सवयीनं, मग एक दिवस कोणीतरी कुजबुजेल, केसरअक्कामुळे. आणि प्रेमानं केलेल्या कैदेशी भांडता येत नाही, हे ती धुळ्यात शिकली होती.

"प्रशील," ती म्हणाली, "उचल ती मशीन. गाडीमा ठेव."

"पण माय, तू जिंकलीस..."

"हा. जिंकनू. आते चाल."

बेबाबाईनं तिचा हात धरला, ओढला, शिव्या दिल्या. केसरबाई हसली आणि म्हणाली, "बेबा, मी गई म्हंजे चूल पेटाड. वांगा वाया नको घालू. ऐकनी का?" बेबाबाईनं मान हलवली नाही, पण हात सोडला.

गाडी गावाबाहेर पडली. नाल्याच्या अलीकडे प्रशील म्हणाला, "आपण हॉलच्या मापाचं मशीन घेऊ, माय. मोठं. म्हणजे तुला सगळ्या घरात फिरता येईल."

"ले," केसरबाई म्हणाली. "मोठी कोठडी बरी."

गाडी नाला ओलांडून चढावर आली. तिथून गाव पूर्ण दिसतं. केसरबाईनं मागच्या काचेतून वळून पाहिलं. घरांच्या वर आकाश स्वच्छ होतं, कुठंच काही नाही. ती बघत राहिली. मग त्यांच्या गल्लीच्या बाजूनं एक बारीक धुराची रेघ वर आली, तिच्या शेजारून दुसरी, आणि मग बऱ्याच.

"पेटाडी वं, पेटाडी," ती म्हणाली, आणि मग पोरासमोर मोकळ्या गळ्यानं रडली.